ताऱ्याजवळचा ठिपका

आमच्या घाटकोपरच्या गल्लीत बॅनर लावायला निमित्तच लागत नाही. कुणी दहावी पास झालं, लागला बॅनर. त्यामुळे शेजारच्या अंबादासकाकांनी मंडळाच्या पोरांना सांगितलं, की आमच्या संघमित्राला ग्रह सापडला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी नाक्यावर तिचा फोटो आणि मागे शनी झळकला. शनीचा काय संबंध, ते त्या पोरांनाच ठाऊक.

संघमित्रा, काकांची लेक आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, भयंकर भडकली. ती तरुण ताऱ्यांभोवती फिरणारे अंधूक सोबती, म्हणजे ग्रह, शोधते. ताऱ्याचा झगमगाट झाकायचा आणि शेजारी बारीक ठिपका उरतो का, बघायचं. तसा एक दिसला होता, एवढंच. तारा हळूहळू सरकतो. वर्षाने पुन्हा फोटो काढायचा. ठिपका सोबत सरकला तर ताऱ्याचा ग्रह, मागेच राहिला तर लांबचा कुणी परका तारा.

काकांची बायको आधीच गेलेली, आणि त्यांच्या यकृताच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेले. "वर्षच ना? काढतो मी," ते म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाक्यावरचा बॅनर दाखवत, ठिपक्याचं कौतुक सांगत त्यांनी खरंच वर्ष काढलं. ठिपका परका निघाला तर, याची मला धास्तीच वाटायची.

दुसरा फोटो आला तेव्हा काका हॉस्पिटलात होते. ठिपका सरकला नव्हता. मी संघमित्राला म्हटलं, सरकला म्हणून सांग, त्यांना आता काय कळणार आहे?

काकांनी विचारलं, "चालला का गं सोबत?"

"नाही पप्पा. मागचा तारा निघाला."

त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. तिचा रागच आला मला. मग ते म्हणाले, "बॅनर उतरव. रोज पंचशील म्हणतो आपण. खोटं टांगून ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. पोरांनी त्याच बांबूंवर, तिच्या बॅनरवरच, काकांच्या श्रद्धांजलीचा बॅनर बांधून टाकला.

घरी बुद्धवंदना सुरू झाली. पंचशीलात खोटं न बोलण्याची ओळ आली. संघमित्रा उठली, अनवाणीच नाक्यावर गेली, शिडी मागितली. काकांचा बॅनर सोडला, खालचा आपला फाडून काढला, मग काकांचा पुन्हा बांधायला घेतला. बायका कुजबुजल्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

शिडी मी धरली होती. वरून तिचं रडणं ऐकू येत होतं, पण गाठी तिने घट्ट मारल्या.