सातव्या लेव्हलचा खड्डा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. मी शिकवते त्या शाळेतली मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहीत नाही. हा राग मला पप्पांकडून आला. फरक एवढाच, की पप्पांचा राग वस्तूंवर निघायचा आणि माझा माणसांवर निघतो.

पप्पा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते. आमच्या घरातली एकही वस्तू कधी दुरुस्तीला बाहेर गेली नाही. मिक्सर, इस्त्री, आईचं शिलाई मशीन, शिवाय शेजाऱ्यांचे रेडिओ. रविवारी चर्चहून आले की चांगला शर्ट खुंटीला लावायचे आणि पाट घेऊन ओसरीत बसायचे, मग जेवणाची हाक तीनदा मारावी लागायची. वर्कशॉपमधली एक रीत ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. एखाद्या जॉबमध्ये, म्हणजे कुणी हातानं केलेल्या कामात, खोट निघाली तर इन्स्पेक्टर त्याला लाल चिठ्ठी बांधायचा आणि तो जॉब परत ज्यानं केला त्याच्याच टेबलावर यायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. दुरुस्त करणाऱ्यानं चिठ्ठीवर सही करायची, तारीख टाकायची, तेव्हाच ती चिठ्ठी सुटायची. अख्ख्या नोकरीत पप्पांना तीन लाल चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, आणि तिन्हींची हकीकत आम्हाला पाठ होती.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. मी माहेरी राहायला आले. पाय महिन्याभरात परत आला. काठी घेऊन का होईना, फाटकापर्यंत जाऊ लागले. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं करून घ्याल तेवढं तुमचं, त्यानंतर अवघड आहे. व्यायाम शिकवायला एक मुलगी स्कूटीवरून यायची. ती मऊ चेंडू दाबायला द्यायची, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगायची. पप्पा त्या चिमट्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"बत्तीस वर्षं फिटर हुतो मी," ते म्हणायचे. "आता दोरीला चिमटे लावू व्हय?"

असे चार महिने गेले. उरले दोन. माझ्या डोक्यात दिवसभर त्या दोन महिन्यांचंच गणित चालायचं, आणि पप्पांसमोर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा आईचा हुकूम होता.

अशात एका शनिवारी माळ्यावरून जुनी गादी काढताना मला आमचा व्हिडिओ गेम सापडला. प्लास्टिक पिवळं पडलेलं, वायरी उंदरांनी सोडून दिलेल्या, आणि कॅसेट आतच. मी तिसरीत आणि धाकटा भाऊ पहिलीत असताना तो आमच्याकडे आला होता. बदली होऊन निघालेल्या एका फौजी कुटुंबानं सामान काढलं, त्यात पप्पांनी तो घेतला. माहितीचा कागद नव्हता, रिमोट एकच होता, आणि त्या रिमोटचं दुसरं बटण मेलेलं होतं. पप्पांनी त्याच संध्याकाळी रिमोट उघडला, आत सोल्डर मारलं आणि जाहीर केलं, "घ्या. आता दोन्ही बटनं चालत्यात." खरोखरच चालायची. पहिलं दाबलं तरी गेममधला माणूस उडी मारायचा, दुसरं दाबलं तरी उडी मारायचा.

गेममधला तो माणूस बुटका होता आणि त्याच्या पाठीवर पोतं होतं. आम्ही त्याला हमाल म्हणायचो. हमालानं कड्याकपाऱ्या ओलांडत उजवीकडे जायचं, एवढाच खेळ. सहा लेव्हल आम्ही डोळे मिटून पार करायचो. सातव्या लेव्हलला एक अरुंद खांब होता आणि त्याच्यापुढे खड्डा. त्या खड्ड्यानं आमचं अख्खं बालपण खाल्लं. हमाल उडी मारायचा आणि पलीकडच्या काठाच्या बोटभर अलीकडे खाली जायचा. दोन सुट्ट्या आम्ही त्यात घालवल्या. भाऊ रडायचा, मी रिमोट आपटायचे, आणि आत बसलेले पप्पा दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "सबूर न्हाई तुमच्यात." मी ते मनापासून खरं मानलं. आपल्याला सबुरी नाही, हे मी लग्नात सासूबाईंनाही सांगितलं होतं.

मी गेम पुसून टीव्हीला जोडला. हेतू सरळ होता. चिमटे नको असतील तर निदान बटणं दाबतील. पप्पांनी रिमोट डाव्या हातात धरून दोनदा बघितला आणि माझ्याकडे परत दिला. "तूच खेळ," म्हणाले. मग मी शाळेतून आले की रोज पाचला त्यांच्यासमोर बसून खेळायला लागले. पन्नाशीला आलेली बाई जमिनीवर मांडी घालून उड्या मारतेय हे बघून आई तोंडाला पदर लावायची. पप्पा बघायचे, पण उजवा हात मांडीवरून हलायचा नाही. आठ दिवसांत मी सातव्या लेव्हलला पोचले आणि पुन्हा त्याच खड्ड्यात, पुन्हा बोटभर अलीकडे.

शेवटी वैतागून मी मोबाईलवर शोधलं. कुणीतरी तोच गेम खेळतानाचा व्हिडिओ टाकला होता. बघते तर त्यातला हमाल पळत होता. आमचा हमाल जन्मात कधी पळाला नव्हता, तो नेहमी बाजारात निघाल्यासारखा चालायचा. व्हिडिओत तो लांबून धावत आला, खांबावरून झेपावला आणि खड्ड्याच्या पार पलीकडे जाऊन उतरला. खेळणारा सांगत होता, दुसरं बटण दाबून धरा म्हणजे तो पळतो, आणि पळताना उडी मारा.

मी स्वयंपाकघरात जाऊन रिमोट उघडला. आत एक निळी वायर होती. दुसऱ्या बटणाची मूळ पट्टी तुटली होती आणि पप्पांनी ते बटण शेजारच्या उडीच्या बटणाला जोडून टाकलं होतं. सोल्डरचे दोन्ही ठिपके गोल आणि स्वच्छ होते, खास पप्पांच्या हातचे. जगातली सगळी सबुरी घेऊन बसलो असतो तरी तो खड्डा आम्हाला पार झाला नसता.

आईला दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना सांगू नको." मलाही ते पटलं. त्या माणसाजवळ आता दुसरं होतं काय? हात गेला होता, पण त्या हातानं कधी चूक केली नव्हती एवढं तरी उरलं होतं. मी रिमोट बंद केला, स्क्रू घट्ट केले आणि ठरवलं, तोंड उघडायचं नाही.

चार दिवस मी गप्प बसले, आणि माझ्यासाठी ते फार झाले. पाचव्या दिवशी व्यायामाची मुलगी आली, तर पप्पांनी चेंडू भिरकावून दिला. मुलगी बिचारी लाल होऊन निघून गेली. पप्पा उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "हा जॉब रिजेक्ट झालाय. आता ह्याला भंगारात टाका."

माझं डोकं फिरलं. "हात चांगला होता तेव्हाही तुमचा जॉब रिजेक्टच होता, पप्पा," मी ओरडले. "सबूर नाही म्हणत होता ना आम्हाला? तुम्ही बटण चुकीचं जोडलंत! आम्ही दोन वर्षं रडलो ते तुमच्या वायरीमुळे!"

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जमीन दुभंगली तर बरं असं मला झालं. मी रडायला लागले आणि माफी मागायला लागले, पण पप्पा माझं ऐकतच नव्हते.

"आण इकडं," ते म्हणाले. "आन् माझा चश्मा."

मी रिमोट उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी निळ्या वायरीवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं, बटणं दाबून बघितली, मला तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला.

"बराबर हाय तुझं," शेवटी म्हणाले. "लाल चिठ्ठी लाव ह्याला."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते चेष्टा करत नव्हते. मी शाळेच्या पिशवीतून लाल कार्डशीट काढला, चिठ्ठी कापली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. जॉब, रिमोट. खोट, दुसरं बटण पहिल्याचं काम करतं. खाली सहीची आणि तारखेची जागा. चिठ्ठी दोऱ्यानं रिमोटला बांधली.

"मी भावाला सांगते," मी म्हणाले. "तो पुण्याहून येईल रविवारी, पाच मिनिटांचं काम आहे."

"अजाबात न्हाई. जॉब कुनाचा हाय?"

त्या संध्याकाळी त्यांनी उजव्या हातात सोल्डरिंगची कांडी धरायचा प्रयत्न केला. मी ती गरम करू दिली नाही, थंडच धरा म्हटलं. बोटं मिटेनात. कांडी तीनदा खाली पडली. चौथ्यांदा पडल्यावर मला वाटलं, झालं, आता हाही नाद सोडणार. पण त्यांनी विचारलं, "त्या पोरीचा चेंडू कुठं गेला?"

चेंडू पलंगाखाली होता. मी पालथी पडून तो काढला.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आमच्या घरात व्यायाम सोडून बाकी सगळी कामं मागे पडली. चेंडू झाला, मग चिमटे आले. आईच्या वाळत घातलेल्या एकेका साडीला दहा-दहा चिमटे दिसू लागले. व्यायामाच्या मुलीला पप्पांनी स्वतः फोन लावून बोलावलं, पण माफी मागायला त्यांना जमलं नाही, म्हणून आईकडून तिला शेवग्याच्या शेंगा दिल्या. ती मुलगी मला बाजूला घेऊन विचारायची, असं काय सांगितलंत तुम्ही यांना?

सहा महिने पुरे व्हायला आठवडा राहिला असताना पप्पांनी गरम कांडी हातात घेतली. रिमोटची पट्टी मी दोन्ही हातांनी धरली होती. एकदा माझ्या अंगठ्याला चटका बसला, एकदा टेबलावरचं प्लास्टिक वितळलं, आई आतून मोठ्यानं प्रार्थना म्हणत होती. निळी वायर सुटली. तुटलेल्या पट्टीवर नवी वायर बसवायला चार संध्याकाळी लागल्या. सोल्डरचे ठिपके ओबडधोबड झाले, वेड्यावाकड्या भज्यांसारखे. पप्पांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "दिसायला घान हाय. चालतंय का बघ."

बटण दाबलं. हमाल पळाला. चाळीस वर्षं चालत आलेला आमचा हमाल पाठीवरच्या पोत्यासकट पळत सुटला, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी किंचाळले.

सातव्या लेव्हलला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. तिथं पप्पांनी रिमोट स्वतःकडे मागितला, आणि एक अडचण आली. पळायचं बटण दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी उडीचं दाबायचं, एवढं त्यांच्या एका अंगठ्याला जमेना. मग रिमोट आम्ही दोघांनी मिळून धरला. दिशा आणि उडी माझ्याकडे, पळायचं बटण त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली. पहिल्या वेळी त्यांचा अंगठा मध्येच सुटला आणि हमाल गेला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी मी उडी उशिरा मारली. चौथ्या वेळी मी ओरडले, "पप्पा, सोडू नका ना!"

"सबूर," ते म्हणाले. लगेच स्वतःच हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

कितव्या वेळी झालं ते मी मोजलं नाही. हमाल लांबून पळत आला, माझ्या अंगठ्याशेजारी त्यांचा अंगठा पांढरा पडेपर्यंत बटणावर दाबलेला होता, मी उडी मारली, आणि हमाल पलीकडे उतरला. इतक्या सहज उतरला, की आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. पलीकडे काय असेल यावरून भावाची आणि माझी कितीदा मारामारी झाली होती. तो म्हणायचा खजिना, मी म्हणायचे बाग. पलीकडे दहा पावलं सपाट जमीन होती आणि त्यापुढे आणखी एक खड्डा, आधीच्यापेक्षा रुंद.

पप्पांनी रिमोट मांडीवर ठेवला. "चिठ्ठी आन् पेन दे," म्हणाले.

पेन बोटांत बसवायला मी पुढे झाले, तर त्यांनी कोपरानं मला मागे सारलं. स्वतःच बसवलं. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. पहिलं अक्षर ओळीच्या वर गेलं, शेवटचं चिठ्ठीच्या कडेवरून घसरलं. पहिलीतल्या मुलाची असावी तशी सही होती, आणि ती उजव्या हाताची होती. आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

मी चिठ्ठी सोडवायला हात घातला.

"थांब," पप्पा म्हणाले. "तारीख राह्यली."

"मग टाका की."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्यानं चोळला. "आज हात दमलाय," म्हणाले. "उद्याची टाकू. उद्या त्यो दुसरा खड्डाबी हाय."