बायकोची रायफल आणि माझा व्हाइस

प्लॅस्टिकचा मला मनापासून तिटकारा आहे. चमचा असो, खुर्ची असो, बादली असो, हातात घेतली की वस्तू नव्हे, वस्तूचं सोंग धरल्यासारखं वाटतं. त्यामुळे बायकोने मागवलेलं खोकं कुरियरवाला दारात टाकून गेला आणि मी ते उघडलं, तेव्हा माझं तोंड कडू झालं. आत करड्या प्लॅस्टिकचा एक लांबट पाळणा होता. पुढे एक खोबण, मागे एक खोबण, दोन्हींत रबराच्या गाद्या आणि बाजूला बोटांनी फिरवायचा एक स्क्रू, तोही प्लॅस्टिकचाच. खोक्यावर ऐटीत 'गन व्हाइस' असं छापलेलं. चौतीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. रोजचे आठ तास व्हाइससमोर, म्हणजे काम जबड्यांत आवळून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यासमोर, उभं राहून काढले. त्या बाहुलीच्या पाळण्याला व्हाइस म्हणायला माझी जीभ रेटेना.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"रायफल धरायला. सरांनी हेच घ्या म्हणून सांगितलंय."

सर म्हणजे तिचे नेमबाजीचे प्रशिक्षक, वयाने आमच्या मुलाएवढे. बायको शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीबरोबर आमच्या कोथरूडमधल्याच एका शाळेच्या तळघरातली रेंज बघायला म्हणून गेली, गंमत म्हणून चार छर्रे झाडले आणि तिथेच अडकली. वर्षभरात तिने स्वतःची एअर रायफल घेतली. नातेवाइकांनी यथेच्छ टिंगल केली. माझा धाकटा भाऊ तर फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायचा, "वहिनी, सध्या सुपारी कुणाची?" ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेंजवर हजर. जाड जाकीट घालून, डावं कोपर कमरेला टेकवून ती लक्ष्यावर डोळा लावून उभी राहिली की तिला हाक मारायची माझी हिंमत होत नसे. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, पण ही बाई मला नवी होती. आता ज्येष्ठांच्या गटात राज्य स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं होतं. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. तिने आयुष्यात फक्त स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

रायफलीला नेम धरायची नवी चकती बसवायची होती. जुनीचा एक स्क्रू गंजून घट्ट बसला होता. तो काढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून रायफल कशात तरी धरून ठेवायला हवी होती. तेवढ्यासाठी तो पाळणा आला होता. मी त्यात रायफल ठेवली, स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला, तर पाळण्यासकट रायफल डुलायला लागली. मला शिसारी आली. 'आवडलं नाही' असं कारण लिहून मी ती वस्तू त्याच संध्याकाळी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतली लोखंडी सामानाची दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने निळाभोर व्हाइस पुढे केला. नखाने रंग खरवडला तर खाली ओतकामातली भोकं, आणि त्या भोकांत लांबी भरलेली! खिडकीला रंग देण्यापूर्वी भरतात ती लांबी. दुसऱ्याकडचे जबडे मिटून मी उजेडाकडे धरले, तर एका टोकाला नख जाईल एवढी फट. तसं म्हणालो, तर तो पठ्ठ्या म्हणतो, "काका, उजेड कशाला बघता? वस्तू धरायचीय ना?" तिसऱ्याने तर गल्ल्यावरून न उठता मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली, आणि त्यातला पहिला फोटो आमच्या परत पाठवलेल्या पाळण्याचा होता. काम करून खाणाऱ्या माणसांच्या गल्लीत ही तऱ्हा! दुकानांच्या पायऱ्या उतरताना मी मोठ्याने बोलत होतो आणि लोक वळून बघत होते.

शेवटी रविवारी जुन्या बाजारात मनासारखा माल मिळाला. कुठल्याशा कारखान्यातून भंगारात निघालेला चार इंची लोखंडी व्हाइस, वरून गंज चढलेला, पण आटे शाबूत आणि जबडे मिटल्यावर मध्ये कागदसुद्धा जाणार नाही असे. रिक्षात मांडीवर घेऊन आणला. पँटला ग्रीस लागलं त्याचंही काही वाटलं नाही. रॉकेलने धुतला, तेल दिलं आणि गॅलरीतल्या टेबलाला चार बोल्टांनी ठोकला. सोसायटीतले दोघे-तिघे बघायला आले, त्यांना मी खरा व्हाइस कसा ओळखावा यावर पाऊण तास ऐकवलं.

बायको दारात उभी होती. "अहो, पण सरांनी बजावलंय. बॅरल आवळायचं नाही. दस्त्याला धरायचं आणि तेही हलकं."

"तुझ्या सरांनी जन्मात व्हाइस बघितलाय का?" मी म्हणालो. ती आत गेली.

त्या रायफलीचा दस्ता वेडावाकडा, गालाला टेकायला फळी, खांद्याला हूक. तो जबड्यांत नीट बसेना. मी जुन्या कातडी पट्ट्याचे दोन तुकडे कापले, बॅरलच्या दोन बाजूंना लावले आणि बॅरलच व्हाइसमध्ये धरलं. रायफल जागची हलेना. व्हाइस आवळून झाला की हँडलला तळहाताने एक शेवटचा दणका द्यायचा, ही आमच्या टूलरूमची सवय. कुणी शिकवत नाही, बघून बघून लागते. तो दणका मी त्या दिवशीही दिला. लोखंडाला लोखंड भिडलं की ते थांबतं आणि हाताला ते कळतं. इथे थांबल्यानंतर हँडल केसभर पुढे गेलं. तेही हाताला कळलं.

मी लगेच व्हाइस सैल केला. बॅरल पुसून उजेडात फिरवून पाहिलं. कातड्यामुळे वर ओरखडासुद्धा नव्हता. मग पुन्हा बेताने आवळून स्क्रू काढला. नवी चकती बसवली, रायफल तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "बघ, याला म्हणतात काम."

तिसऱ्या दिवशी ती रेंजवरून आली आणि जाकीट न काढताच खुर्चीत बसली. छर्रे कुठेही जात होते. एक मधोमध, तर पुढचा पार कडेला. "नव्या चकतीची सवय व्हायला हवी," ती म्हणाली. मी मान डोलावली. संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी रायफल काढली, एक छर्रा बॅरलमध्ये घातला आणि साफ करायच्या सळईने हळूहळू ढकलत नेला. तोंडापासून वीतभर आत तो अडला. जोर दिल्यावर सुटला आणि बाहेर पडला तो एका अंगाने चेपलेला. बरोबर तिथेच माझा व्हाइस बसला होता. पोलाद आतून चिमटलं होतं. आता त्या रायफलीतून जगातल्या कुणालाही सरळ छर्रा मारता आला नसता. तो छर्रा मी बेसिनमध्ये टाकला आणि वरून पाणी सोडलं.

ती भाजी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याला शोभेलसं एकही कारण माझ्याकडे नाही. चार दिवसांपूर्वीच सोसायटीला व्याख्यान झोडलं होतं, एवढंच. प्लॅस्टिकच्या नावाने बोटं मोडली होती, त्या पोरसवदा सरांना अडाणी ठरवलं होतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कालचं न सांगणंही सांगावं लागणार होतं, म्हणून परवावर ढकललं.

तिला दोष रायफलीत दिसला नाही, कारण रायफल नवऱ्याने हाताळली होती आणि नवरा म्हणजे चौतीस वर्षं टूलरूम. तिने दोष स्वतःत शोधला. चहा सोडला. रात्री नऊला झोपायला लागली. सरांनी सांगितलं म्हणून पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून धरायची आणि हात खाली येईपर्यंत सेकंद मोजायचे, असा व्यायाम सुरू केला. सेकंद मोजायला मी होतो. हातात घड्याळ घेऊन मी तिच्यासमोर उभा राहायचो, "शाब्बास, कालच्यापेक्षा चार जास्त," असं म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या आवाजाची किळस येते.

स्पर्धेत तिचा नंबर शेवटून दुसरा आला. सरांनी तिची समजूत घातली, "मॅडम, वयाचा भाग असतो." परत येताना ती रिक्षात म्हणाली, "आईचाही हात याच वयात थरथरायला लागला होता." घरी आल्यावर मी चहा केला. ती कप दोन्ही हातांनी धरून प्यायली. तशी ती पूर्वी कधी पीत नसे.

मग ती मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. मीही गेलो, फाइल धरायला. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला. कागद हलला नाही. नाकाला बोट लावून झालं, वहीत गोल काढून झाले. "काकू, हात दगडासारखा स्थिर आहे. काही झालेलं नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. दुसरी कुणी असती तर आनंदली असती. ही बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे नजरच गेली असणार. नाहीतर डोकंच." मी फाइल या हातातून त्या हातात घेतली. त्याच आठवड्यात तिने रेंजच्या ग्रुपवर टाकलं की रायफल विकायची आहे.

विश्रांतवाडीहून एक गृहस्थ बघायला आले. मुलीला पाहिजे होती. बायको आत चहा ठेवायला गेली. त्यांनी रायफल उचलून पाहिली, खांद्याला लावून पाहिली. मालाची कदर असलेला माणूस होता. "काका, अगदी नव्यासारखी ठेवलीय हो. काही प्रॉब्लेम वगैरे?"

आयुष्यभर मी एकही खोटा पीस पास केला नव्हता. साहेबाने दटावलं तरी नाही, महिनाअखेरीला माल अडला तरी नाही. मापात नसेल तर लाल रंगाची रेघ मारून बाजूला टाकायचा. तोंडातून आपोआप निघालं, "घेऊ नका. बॅरल आतून दाबलं गेलंय. व्हाइसमध्ये मीच दाबलंय. यातून छर्रा सरळ जाणारच नाही."

"कधी झालं हे?"

"चार महिने झाले."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. पाच मिनिटांपूर्वी दारात आलेल्या परक्या माणसाला मी फसवू शकलो नाही, आणि बायकोला चार महिने फसवत होतो, तिच्यासमोर घड्याळ धरून. गिऱ्हाइकाची मला लाज होती, तिची नव्हती. स्वतःची वाटली इतकी घाण मला कुठल्याही प्लॅस्टिकची कधी वाटली नव्हती.

त्या गृहस्थांनी रायफल खाली ठेवली. ते माझ्या मागे बघत होते. मी वळलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप जराही वाजत नव्हते.

तिने पुढे येऊन त्यांच्यासमोर कप ठेवला, बिस्किटांची बशी ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"बॅरल नवीन मिळतं का हो?" तिने त्यांना विचारलं.

"मिळतं ना मॅडम. मागवावं लागतं. पण बसवणारा जाणकार पाहिजे."

"तुमच्या ओळखीचं आहे कुणी?"

"आहेत एक जण, बिबवेवाडीला."

"त्यांचा नंबर द्या मला," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या घरात तसं कुणी नाही."