यातला मेन कोण?

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. चार पोरांना चार वाद्यं देऊन एका सतरंजीवर बसवायचं आणि लोकांना सांगायचं की हे एकत्र वाजवणार आहेत. पुढचं लोक बघून घेतात. क्लास सुटल्यावर आम्ही तिघं शिक्षक चहाला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोणी डोकं फिरवलं?" आजवर "कोणीच नाही" असं उत्तर एकदाही आलेलं नाही.

आधी ओळख करून देते. मी व्हायोलिन वाजवते. वासनिक सर पेटी वाजवतात. त्यांचा हात वस्तीतल्या विहारात भीमगीतांच्या साथीला बसून तयार झाला, शास्त्रीय ते पुढं नागपूरला शिकले. गजूभाऊ तबल्यावर. तिघांचंही पोट मैफली आणि शिकवण्यांवर चालतं. भंडाऱ्याजवळ शहापूरला, हायवेपासून जरा आत, एका राइस मिलला लागून आमची खोली आहे आणि तिथं आम्ही सहवादन शिकवतो. गाणारा नाही, पुढं उभा राहून हात हलवणारा नाही. चौघांनी एकमेकांचं ऐकायचं, एकमेकांना जागा द्यायची आणि रचना पार पाडायची. ही एवढीशी गोष्ट लोकांना समजावता समजावता माझे केस पांढरे झालेत.

आमची मोठी चौकडी म्हणजे ऋतुजा व्हायोलिनवर, साहिल बासरीवर, आयुष पेटीवर आणि प्रणाली तबल्यावर. प्रणालीचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता घर पुनर्वसनातलं, वडील धरणाच्या पाण्यात मासे धरतात, आणि पोरगी एसटीनं क्लासला येते. तिच्यासारखा कान आमच्याकडं दुसरा नाही असं गजूभाऊ सांगतात, आणि गजूभाऊ सहसा स्वतःशिवाय कोणाचं कौतुक करत नाहीत. यंदा भंडाऱ्याच्या सांस्कृतिक महोत्सवात या चौघांना जागा मिळाली. चौघं जशी बसतात तशीच तिथं बसावीत आणि वाजवावीत, बस्स. यापेक्षा जास्त मी काही मागितलं नव्हतं.

*

आयुषचे वडील एकदा तालीम बघायला आले. कोपऱ्यात बसले, मोबाइल काढला आणि टायमर लावला. मला वाटलं, हौशी आहेत. तालीम संपल्यावर माझ्याजवळ आले.

"मॅडम, राग नका मानू, पण ऋतुजाले लंबा चान्स भेटून राहिला. आमचा आयुष नुसता मागं एकच सूर दाबून बसला राहते."

मी समजावलं, की तो सूर धरून ठेवतो म्हणून ती वर फिरू शकते. त्यांना पटेना. वासनिक सर फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "थांबा, दाखवतोच तुमाले." ऋतुजाला वाजवायला सांगितलं आणि मध्येच आयुषला खूण केली. त्यानं पेटी सोडली. ऋतुजा अशी गडबडली की दोन स्वर भलतीकडंच लागले आणि बिचारी रडकुंडीला आली.

"पाह्यलं?" सर म्हणाले. "तो सुटला का ते पडते."

वडिलांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे मेन आमचाच होय तं! मग हे सुरुवातीलेच सांगायचं ना."

तेव्हापासून ते गावभर हेच सांगत फिरतात. सरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

आता आमची स्वतःची फजिती. आमच्या चौकडीची लय अशी पक्की झाली होती की मी पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायची. घड्याळासारखी चालायची पोरं. गजूभाऊ मिशीवर ताव देत होते.

मग धानाचा हंगाम संपला आणि शेजारची मिल बंद पडली. त्या दिवशी चौघं वाजवायला बसली आणि दोन आवर्तनांत चौघं चार गावांना गेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. गजूभाऊ संतापले. घरी रियाज करता की मोबाइल पाहता, इथपासून तुमच्या पिढीचं काही खरं नाही, इथपर्यंत सगळं बोलून झालं.

प्रणाली खाली मान घालून म्हणाली, "सर, मिल बंद हाये ना."

कोणाच्याच लक्षात येईना. मग आलं. धान वर नेणाऱ्या मिलच्या पट्ट्याची खटखट भिंतीतून सारखी यायची, आणि आमची चौघं महिनोन्‌महिने एकमेकांचं ऐकतच नव्हती. ती मिलचं ऐकत होती! आम्ही तिघं नावाजलेले कलावंत, आणि आमच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

गजूभाऊ तरातरा मिलमालकाकडं गेले आणि म्हणाले, दहा मिनिटं मशीन चालवा. मालकानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धान नाही ना बापा. तुमचा तबला भरडू का?"

मग आम्ही पहिल्यापासून शिकवलं. चार भिंती, चार पोरं आणि कसलाही आवाज नाही. खरं सहवादन तिथून सुरू झालं, असं मी मानते.

*

गावातल्या एका लॉनवर लग्नाचं रिसेप्शन होतं. पोरांना लोकांसमोर बसायची सवय व्हावी म्हणून मी हो म्हटलं, आणि त्याचा राग मला अजून माझ्यावरच येतो. आम्हाला आइस्क्रीमच्या काउंटरशेजारी बसवलं होतं.

पोरांनी यमन सुरू केला. पाचेक मिनिटांत यजमान आले. "बम भारी चाललं मॅडम. फक्त थोडं हळू करा. पाहुण्याइले बोलता येऊन नाही राहिलं."

हळू केलं. ते परत आले. "अजून थोडं."

आणखी हळू केलं. आता साहिलच्या बासरीतून नुसती हवा ऐकू येत होती. ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा गजूभाऊंचा चेहरा मी पाहिला आणि समजले की आता काहीतरी होणार. यजमान वळल्यावर त्यांनी पोरांना खूण केली. हात चालू ठेवा, वाद्याला लावू नका. ऋतुजाचा गज तारेच्या वर हवेत फिरायला लागला. प्रणालीची बोटं तबल्याच्या शाईला टेकेनात. आयुषनं पेटीचा भाता सोडून दिला.

थोड्या वेळानं यजमान लांबूनच अंगठा दाखवत आले. "हां, आता एकदम बरोबर. आता शेवटपर्यंत असंच ठेवा."

आम्ही ठेवलं. लोक जेवले, फोटो काढले, निघताना दोघातिघांनी येऊन सांगितलं की संगीत फार सुंदर होतं.

*

एकदा मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आले. विषय होता सहवादन. आम्ही आनंदानं वरठी स्टेशनवर गाडी घेऊन गेलो, पोरांनी सकाळपासून वाद्यं जुळवून ठेवली. तज्ज्ञ बसले आणि बोलायला लागले. मी कोणाबरोबर वाजवलं, कुठल्या देशात वाजवलं, तिथं लोक कसे रडले. दर थोड्या वेळानं एक वाक्य यायचं, "बच्चों, सहवादन म्हणजे दुसऱ्याला ऐकणं." मग पुन्हा स्वतःवर.

दुपार कलली. साहिलला डुलकी लागली. तज्ज्ञांनी विचारलं, "काही प्रश्न?"

प्रणालीनं हात वर केला. "सर, आमाले कवा ऐकता?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "माझी गाडी आहे."

*

आम्ही तिघं तरी कुठं शहाणे आहोत. एका रचनेची लय काय ठेवायची यावरून गजूभाऊंचं आणि माझं असं वाजलं की बोलणं बंद झालं. वासनिक सर मध्ये पडले, तर आम्ही दोघांनी मिळून त्यांच्याशीही बंद केलं. क्लास मात्र चालू होता. निरोप प्रणालीमार्फत जायचे. "त्यांना सांग, इथं घाई होतेय." "मॅडमले सांग, घाई नाही, तुमचाच हात जड हाये."

पोरगी इकडून तिकडं करून कंटाळली. म्हणाली, "तुमीच आमाले शिकवता ना, एकमेकाइचं ऐका म्हणून?"

गजूभाऊ तबल्याची वादी ओढत म्हणाले, "ते वाजवतानी. बोलतानी ऐका असं कोण म्हणलं?"

*

आणि आता महोत्सव.

आदल्या आठवड्यात महोत्सवाचे सचिव तालीम पाहायला आले. गृहस्थ पांढऱ्याशुभ्र कपड्यात, बोलणं मधाळ. सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोट्टी चांगली वाजवते, नाही म्हणत नाही. पण एवढं मोठं स्टेज हाये. तबल्यावर माणूसच पाह्यजे. तिले टाळ द्या, बाजूनं बसंल, चांगली दिसंल."

मी म्हटलं, "ती नसेल तर आम्ही नाही."

ते हसले. "तुम्ही तं लगेच गरम होता."

प्रणालीचे वडील तिला न्यायला आले होते. दाराशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. सचिव गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "मॅडम, तिले बसवणार ना तबल्यावर? नसंल होत तं आताच सांगून द्या. मी गावात सांगून बसलो. अर्धी वस्ती येऊन राहिली पाह्याले."

मी त्यांना शब्द दिला. बसवणार म्हणजे बसवणार.

महोत्सवाच्या दिवशी पोरं विंगेत गेली आणि आम्हा तिघांना पुढच्या रांगेत बसवलं गेलं. मान्यवर म्हणून! हातात गुच्छ, गळ्यात शेला, उठायची सोय नाही. पडदा उघडला. तबल्यावर नागपूरचे एक तबलजी बसले होते. जाकीट घातलेले, चांगले वाजवणारे, मी त्यांना ओळखते. प्रणाली एका कडेला, हातात टाळ. ऐनवेळी, विंगेत, चार मोठ्या माणसांनी तिला तबल्यावरून उठवलं होतं, हे नंतर कळलं. मागच्या रांगांत तिची वस्ती बसली होती. मी वळून पाहायची हिंमत केली नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमची रचना "एक, दोन, तीन" म्हणून सुरू होत नाही. चौघं एकदम समेवर येतात. त्याआधी एक जण श्वास घेतो, खांदे जरासे वर जातात, आणि बाकीचे त्या श्वासावर निघतात. तो श्वास प्रणालीचा असतो. मिल बंद झाल्यापासून तिचाच.

तबलजींनी ठेका धरला. पोरं गप्प. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. ऋतुजाचा गज मांडीवर. साहिलची बासरी मांडीवर. आयुष पेटीवर हात ठेवून प्रणालीकडं बघत होता. तिघंही तिच्याकडंच बघत होती आणि ती जमिनीकडं बघत होती.

निवेदक म्हणाला, "बालकलाकार जरा घाबरलेत, टाळ्या वाजवून धीर देऊ या." टाळ्या पडल्या. पोरं हलली नाहीत. सचिव विंगेतून दात ओठ खात म्हणाले, "सुरू करा ना बे!" ते आम्हालाही ऐकू आलं. तबलजींनी ठेका थांबवला आणि साहिलला काहीतरी विचारलं. साहिलनं बासरीच्या टोकानं प्रणाली दाखवली.

सचिवांनी हात खाली केला. पडदा पडला. निवेदक म्हणाला, "तांत्रिक अडचणीमुळे आपण थोडं थांबतोय."

तांत्रिक अडचण. मी गुच्छ खुर्चीवर टाकला आणि स्टेजच्या पायऱ्यांकडं निघाले. काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं, त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. गजूभाऊ माझ्या मागं, वासनिक सर त्यांच्या मागं. सचिव पायऱ्यांपाशी आडवे आले. "मॅडम, तुमच्या पोट्ट्यायनं इज्जत घालवली आमची."

मी तोंड उघडलं, आणि पडद्याआड वादन सुरू झालं.

चौघं एकदम, बरोब्बर समेवर. माइक चालूच होते. हॉल शांत झाला. गजूभाऊंनी माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी वळ दिसला. "आपली होय," ते म्हणाले. मला सांगायची गरज नव्हती. तो हात मी ओळखते.

सचिव डोळे मिटून ऐकत होते. मान डोलत होती, बोटं मांडीवर ताल धरत होती. त्यांच्या पाठीमागं विंगेचं दार उघडलं आणि नागपूरचे तबलजी जाकीट खांद्यावर टाकून, रुमालानं हात पुसत बाहेर आले. भिंतीला टेकून तेही ऐकायला लागले.

सचिवांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहून समाधानानं हसले. "ऐका मॅडम, ऐका. सांगितलं होतं ना तुमाले? तबल्यावर माणूसच पाह्यजे."

मी पडदेवाल्याला म्हटलं, "दादा, उघडा."