पंपाचं दुखणं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हेच. बाजारातून निघताना तिनं वाकून जुन्या गाडीच्या टाकीला खालून चपलेनं दोन दणके दिले, मी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

"पेट्रोलचा पंप मरतोय. बदला."

"बॅटरी आहे ती. तुला काय कळतंय!"

चार दिवसांनी तीच गेली.

तेराव्यानंतर गाडी चालू होईना. चावी फिरवायला मी होतो, दणका द्यायला कोण? मेस्त्रीला बोलावलं, चपलेच्या दणक्यांचंही सांगितलं. त्यानं मागची सीट उचलली, कान लावला, पेट्रोलचा जोर मोजला, मग पंप बाहेर काढला.

"काका, पंपाच्या मोटरचे कार्बन झिजलेत. दणका बसला की तेवढ्यापुरता फिरायचा. पंपाचं दुखणं ओळखलं कुणी?"

"आमच्या हिनं."

"मग तुम्ही मला उगाच बोलावलंत!"

तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण दुखणं ती आवाजावरनं ओळखायची, मिक्सरचं असो की माझ्या छातीचं. आणि मी उभ्या जन्मात तिला एकदाही "तुझं खरं" म्हणालो नाही.

नवा पंप बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून तडक मेव्हणीच्या दारात गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, "तुझ्या ताईचंच बरोबर होतं. मी चुकलो."