वॉफलवर मिळवलेली बाल्कनी

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानातून जेवढ्या पाणबुडी मोटारी गेल्या तेवढ्या त्याआधी कधी गेल्या नव्हत्या. पाणी खोल गेलं की लोक जास्त ताकदीची मोटार मागतात. मी दुष्काळ आणला नव्हता, पण त्यात माझं भलं झालं, हे खरं आहे. कंपनीची स्कीम होती. ठरलेला माल उचलणाऱ्या डीलरला जोडीनं सिंगापूरहून जहाजाची सफर. आम्ही दोघं जाणार, हे उन्हाळा संपायच्या आतच नक्की झालं.

पण स्कीममध्ये दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीला समुद्राकडं बाल्कनी असलेली खोली, दुसरीला बिनखिडकीची. मी पहिलीत बसायला हवा होतो आणि बसलो नाही, कारण आमच्या कंपनीनं एक जिल्हा तयार केला होता. उदगीर जिल्हा होणार, होणार, असं आमच्याकडं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. मोर्चे निघतात, बंद होतो, पुढारी हो म्हणतात. सरकारनं काही तो केला नाही. कंपनीच्या एरिया मॅनेजरनं मात्र आपल्या नकाशावर करून टाकला आणि त्या नव्या जिल्ह्याचं काम नांदेडच्या डीलरला दिलं. उदगीर, देवणी, जळकोट ही गावं मी स्कूटरवर फिरून बांधली होती. तिथला माल त्याच्या नावावर चढला आणि बाल्कनी त्याला मिळाली. हा अन्याय होता असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पुढं जे घडलं त्यानं तो न्याय ठरत नाही.

बायको यायला तयार नव्हती. ती उदगीरकडची, घरात लिंगपूजा पिढ्यान्‌पिढ्यांची. सकाळी अंघोळ, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि ते झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. नळाला पाणी नव्हतं त्या दिवसांत तिनं तांब्याभर पाण्यात अंघोळ केली, पण पूजा चुकवली नाही. बाहेरचं खाणं तिला चालत नाही. म्हणाली, "तिथं काय खाऊ मी? सगळे मासे खाणारे." मी म्हणालो, शाकाहारी वेगळं आहे, मी स्वतः चौकशी केली आहे. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून येते." तरीही पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून घेतली.

जहाजावरच्या पहिल्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि बाहेरच येईना. मी दार वाजवलं. आत तिनं कचऱ्याची लहान बादली शॉवरखाली लावली होती आणि सांडणारं पाणी धरत होती. "हे कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "वाया चाललंय की." ते पाणी कुठं ओतायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

पूजा झाल्यावर आम्ही नाश्त्याला गेलो. मी उपमा घेतला. तो आपल्याकडच्यापेक्षा वाईट होता, हे मी तिथल्या माणसाला सांगितलंही. ती हातात ताटली घेऊन हिंडत राहिली आणि कुठंतरी दिसेनाशी झाली. आली तेव्हा ताटलीत एक गोल, जाड, चौकोनी खाचांचं काहीतरी होतं, शेजारी वाटीत पाक.

"हे काय?"

"वॉफल म्हणतात. आपलं धिरडंच हाय, पण खाचांचं." ती बसली आणि चमच्यानं पाक सोडू लागली. एक खाच भरली की पुढची, ती भरली की तिच्या पुढची, अगदी शेतात पाण्याची दारं धरल्यासारखं. सगळ्या खाचा भरेपर्यंत तिनं तोंड लावलं नाही. मग एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्यानं केलेलं, गरम, बसून खाताना मी तिला पाहिलंच नव्हतं. आमच्या घरी सगळे जेवून उठल्यावर ती बसते. त्या दिवशी तिनं दोन खाल्ली. मलाही एक तुकडा दिला. वरून कुरकुरीत, आत मऊ. चांगलं होतं. दुपारी तिनं सुनेला फोन करून त्याचं वर्णन केलं, समुद्राबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी तिची पूजा चालू होती, म्हणून मी पुढं जाऊन चहा घेत बसलो. नांदेडचा डीलर समोर येऊन बसला. ताटलीत आम्लेट. माणूस वाईट नाही, पण जीभ मोकळी.

"काय आप्पा, झोप लागली का खालच्या खोलीत? मी तर रातभर बाल्कनीतच बसून राहिलो. हवा काय लागती म्हणून सांगू!"

मी चहा ढवळत राहिलो.

"वैनी काल ते वॉफल लई आवडीनं खात होत्या. आप्पा, त्यात अंडं असतंय बरं का. अंड्याबिगर ते फुगतच न्हाई." आणि हसला.

इथं एखादा सरळ माणूस उठून बायकोकडं गेला असता. आमची खोली दोन मजले खाली होती. माझ्या डोक्यात मात्र पहिल्यांदा जे आलं ते लिहायला हात आखडतो. माझ्या डोक्यात आलं, सापडला. एरिया मॅनेजर सापडला.

धंद्यात मी एक शिकलो आहे. समोरच्याची चूक हातात आली की ती लगेच वापरायची, थंड होऊ द्यायची नाही. जहाजावर लातूर, उदगीर, निलंगा या भागांतले आमच्या समाजाचे डीलर पुष्कळ होते. आमच्याबरोबर आलेला मॅनेजर पुण्याचा तरुण मुलगा, नोकरीत अजून मुरायचा होता. तो पोह्यांच्या रांगेत उभा होता. मी तिथंच आवाज चढवला.

"शुद्ध शाकाहारी म्हणून आणलंत ना आम्हाला? माझ्या बायकोच्या गळ्यात लिंग आहे. तिला अंडं खायला घातलंत तुम्ही!"

"आप्पासाहेब, हळू बोला ना, मी बघतो."

"काय बघता? जिचा धर्म बुडाला तिला काय सांगू, मॅनेजर बघतो म्हणून?"

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हातातलं वॉफल परत ठेवलं. वॉफलच्या काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची नाही, पण मुलीच्या वयाची नक्की. परदेशी, बारीक डोळ्यांची, डोक्यावर पांढरी टोपी. मी तिच्याकडं बोट केलं. तिला काही कळलं नाही. ती हातातला डाव तसाच धरून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिचा वरिष्ठ आला, तिला काहीतरी विचारलं, ती भराभरा बोलली, डब्याकडं हात केला. त्यानं ऐकून न घेता तिला आत नेलं.

मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते."

मी लगेच सांगितलं नाही. मान खाली घातली. मग म्हणालो, निदान तिला मन शांत करायला मोकळी हवा तरी मिळू द्या. त्याला समजलं. त्याची स्वतःची खोली बाल्कनीची होती. त्यानं ती मला दिली. तासाभरात आमच्या बॅगा वर गेल्या.

मी बायकोला घेऊन वर गेलो. तिनं बाल्कनीचं दार उघडलं, समुद्र बघितला, पदर सावरला. "एकाएकी कशी दिली खोली?"

"मागितली. दिली."

"बरं. आधी खाऊन येऊ. भूक लागली." तिच्या चेहऱ्यावरून तिला काय खायचं आहे ते दिसत होतं.

खाली आलो तर वॉफलच्या काउंटरवर पांढरं कापड टाकलेलं. मुलगी नव्हती. बायकोनं इकडं तिकडं बघितलं. शेजारच्या टेबलावरची निलंग्याची बाई उठून आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "ताई, फार वाईट झालं बघा. तुमच्या मालकांनी बरं झालं भांडण केलं."

बायको माझ्याकडं बघत राहिली. मग खायचं सोडून सरळ खोलीकडं निघाली. आल्यावर म्हणाली, "काय झालंय ते सांगा."

मी सांगितलं. थोडं अभिमानानंच सांगितलं.

"अंडं न्हवतं त्यात," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी इचारलं होतं की. पैल्याच दिवशी."

"कुठल्या भाषेत?"

तिनं दोन्ही हात काखेत धरून कोपरं हलवली आणि कोंबडीसारखा आवाज काढला. "असं केलं. मग मान हलवली, न्हाई चालत म्हणून. ती पोरगी लई हसली. तिनं दोन डबे दाखवले, एकावर हिरवं पान होतं. त्यातलंच घातलं माझ्यासाठी. साचाबी पुसून घेतला."

मी म्हणालो, नांदेडवाला म्हणाला होता म्हणून.

"मला का इचारलं न्हाई? मी खालीच होते." मग ती थांबली. खाली बघत, गळ्यातल्या लिंगाच्या चौक्यावर हात ठेवून म्हणाली, "लिंगाचं नाव घेऊन तुम्ही खोली मागितली व्हय?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी ओरडलो. कुणासाठी केलं, बाल्कनी काय मी एकट्यानं डोक्यावर घेणार आहे का, नांदेडवाल्यानं माझा इलाका खाल्ला तेव्हा कुणाला धर्म आठवला नाही, असं बरंच. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुम्ही जाऊन खरं सांगता, का मी सांगू?"

"सांगितलंस तर माझी काय किंमत राहील तिथं?"

"त्या पोरीची गेली, ती?"

मी बाल्कनीत जाऊन बसलो. समुद्र सगळीकडून सारखाच दिसतो, बिनखिडकीच्या खोलीतून तो दिसत नाही एवढाच फरक. आत ती दशमीचा तुकडा चटणीला लावून खात होती, पाठ माझ्याकडं करून. मला वाटलं, बसेल थोडा वेळ, विसरेल. दुपारी डोळा लागला. उठलो तेव्हा खोलीत ती नव्हती.

आली तेव्हा मॅनेजर सोबत होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, आणि मीही त्याच्याकडं. "काकू म्हणाल्या गैरसमज झाला होता," तो म्हणाला. "मी किचनच्या लोकांना कळवलं आहे. खोली राहू द्या तुमच्याकडं, आप्पासाहेब."

"नको," बायको म्हणाली. "आमची खोली हाय खाली."

मॅनेजर 'नको नको' म्हणत होता तोवर तिनं बॅग ओढायला सुरुवातसुद्धा केली. तिला ओढू देणं शक्य नव्हतं, म्हणून दोन्ही बॅगा मी घेतल्या. ती पुढं, मी मागं. नांदेडच्या डीलरची खोली त्याच रांगेत होती. तो नेमका दार उघडून उभा, अंगात बनियन.

"आप्पा, कुठं निघालात? पुन्हा जिल्हा बदलला का काय?"

आयुष्यात मला कुणाचं बोलणं निमूट ऐकून घेतल्याचं आठवत नाही. त्याचं घेतलं. लिफ्टपर्यंतचा तो रस्ता फार लांब होता, आणि एका बॅगेचं चाक कुरकुरत होतं.

तिसऱ्या सकाळी काउंटरवरचं कापड निघालेलं होतं आणि तीच मुलगी उभी होती. बायको पूजा करून आली, रांगेत लागली आणि वॉफल घेऊन टेबलाशी आली. एकच ताटली. मी वाट बघितली. ती खाचांमध्ये पाक भरत होती.

"माझं?"

"रांग हाय तिथं. जा की."

मी गेलो. माझी पाळी आली. मुलीनं मला बघितलं आणि तिचा हात थांबला. मग तिनं डबा उचलला, त्यावरचं हिरवं पान माझ्याकडं वळवलं आणि तसाच धरून ठेवला. पोलिसानं अडवल्यावर माणूस लायसन दाखवतो तसा. मी 'ओके, ओके' म्हणालो. सॉरी हा शब्द मला येतो. दुकानात गिऱ्हाइकाला दिवसातून कितीदा म्हणतो, सॉरी, माल संपला. तिथं तो तोंडातून निघाला नाही. मी वॉफल घेऊन परत आलो.

"बोललात का?"

"गर्दी होती."

"तुमच्या मागं कोणीच न्हवतं," ती म्हणाली. मान वर न करता.

मी ताटली ठेवून परत गेलो. मुलगी काउंटर पुसत होती. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं." मराठीतच निघालं. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि साच्यात पीठ ओतून झाकण लावलं. तिला वाटलं, मला आणखी एक हवं आहे. नको म्हणायचं तर पुन्हा सगळं सुरुवातीपासून. ते भाजून होईपर्यंत मी तिच्यासमोर हात बांधून उभा राहिलो. पुन्हा म्हणालो, "सॉरी." या वेळी निघाला. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. हसली नाही, एवढं कळलं. ताटली माझ्या हातात दिली.

बायकोपुढं ठेवली तर तिनं ती माझ्याकडं सरकवली. "हे तुमचं. तुम्ही खा."

पलीकडून नांदेडवाला बघत होता. मी दोन्ही वॉफल खाल्ली, एक थंड आणि एक गरम.