मिस्त्रींची ओ

पातेलं अर्धंच घासून झालं होतं. तळाला धरलेला भात काही केल्या सुटत नव्हता, आणि मिस्त्री लोखंडावर कानस चालवावी तसे त्याच्यावर काथ्या चालवत होते. नळ सुरू, कोपरापर्यंत साबण. तेवढ्यात पुढच्या दुकानातून हाक आली, "अहो!"

"आलो, आलो!" मिस्त्रींनी ओ दिली, पातेलं तसंच सोडलं आणि फेस गाळत पडदा सारून दुकानात आले.

दुकानात अंधार. शटर खाली. काउंटरमागच्या स्टुलावर कुणी नव्हतं आणि असणारही नव्हतं. मिस्त्रीणबाई थंडीत गेल्या, आणि आता लोकांनी उन्हाळ्यासाठी पंखे काढायला सुरुवात केली होती.

मिस्त्री ओल्या हातांनी तिथेच उभे राहिले. ही काही पहिली वेळ नव्हती. रोज एकदा तरी हाक यायची आणि रोज ते ओ द्यायचे.

मिक्सर, इस्त्री, पंखा, हिटर, तार असेल ते सगळं या दुकानात दुरुस्त व्हायचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. देवानं एकाला हात दिले, एकीला तोंड दिलं आणि मग दोघांची गाठ घालून दिली, असं आळीतले लोक म्हणत. मिस्त्री मागच्या टेबलाशी मान खाली घालून बसायचे. गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं बाईंकडे. त्या गिऱ्हाइकाकडून रोग काढून घ्यायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "अहो, मिक्सर आलाय! नुसता घुर्र करतो, फिरत नाही!" किंवा, "अहो, पंखा! आधी खट-खट, मग कुईंऽऽ!" यंत्राचा आवाज त्या असा हुबेहूब काढायच्या की वस्तू हातात यायच्या आधीच मिस्त्रींनी पाना उचललेला असायचा. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलंच, तर मिस्त्रींच्या तोंडून "हं" निघायचं. फार झालं तर "हं, उद्या."

आता बाई गेल्या, आणि दुकान मुकं झालं.

मुलीचा जीव टांगणीला लागला होता. ती दुसऱ्या गावी राहायची. तिनं फोनवरून हळूहळू सगळं ठरवत आणलं होतं. "बाबा, एक फॅब्रिकेशनवाला आहे, त्याला दुकान-घर दोन्ही हवंय. रविवारी येते, तेव्हा हो की नाही ते सांगा. एकटे असे किती दिवस भिंतींकडे बघत बसणार?"

मिस्त्रींना दुकान सोडायचं नव्हतं. पण आतून त्यांना एका गोष्टीची धास्ती बसली होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपलं डोकं फिरत चाललंय. मेलेल्या माणसाची हाक ऐकू येते, आणि आपण तिला उत्तर देतो. असल्या माणसानं विजेच्या कामात हात घालावा का? मुलीला कळलं तर ती आजच गाडी करून न्यायला येईल. मग त्यापेक्षा आपणच हो म्हणावं, झाकली मूठ राहील.

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या वहिनींच्या नजरेतून मात्र बंद शटर सुटलं नव्हतं. त्याही एकट्याच. गुरुवारी दुपारी त्यांनी मागचं दार वाजवलं.

"भावोजी, शर्ट बदला. बैठकीला जायचंय."

"कसली बैठक?"

"उरलेल्यांची. ज्यांचं माणूस गेलं आणि आपण मागे राहिलो, त्यांची. दर गुरुवारी बसतो. चहा असतो."

"मला काय बोलायचंय तिथे?"

"काही बोलू नका. तुम्हाला तरी कुठे येतंय!"

मिस्त्रींनी शर्ट बदलला.

बैठक भरायची बालवाडीच्या वर्गात. खुर्च्या पोरांच्या, त्यामुळे म्हातारी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. भिंतीवर हत्ती आणि फुगे. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई सगळ्यांची विचारपूस करत होत्या. एक माजी हेडमास्तर होते, त्यांना बोलताना थांबवावं लागायचं. कोपऱ्यात एक पेन्शनर आजोबा बसायचे, त्यांना बोलतं करावं लागायचं. आणखी तीनचार बाया होत्या. कुणी म्हणालं, दुधाचा रतीब अजून कमी करवत नाही. कुणी म्हणालं, बँकेत सही करताना हात अडतो. मिस्त्री फुग्यांकडे बघत बसले. रविवारी हो म्हणून टाकायचं, हे त्यांच्या मनात जवळजवळ पक्कं झालं होतं.

चहाची वेळ झाली. वहिनी खिडकीपाशी मोठी किटली घेऊन उभ्या. एका हातात किटली, दुसऱ्यात कपांचा ट्रे, आणि ट्रे घसरायला लागला.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "धरा ना!"

"आलो, आलो!" मिस्त्री ताडकन उठले. खुर्ची एवढीशी, ती त्यांच्यासकट उठली आणि मग धाडकन पडली. हेडमास्तर उठले होते. कोपऱ्यातले आजोबा तर काठी न घेताच उठले होते. तिघांनी मिळून ट्रे धरला आणि एकमेकांकडे बघत राहिले.

वहिनींचा चेहरा कानापर्यंत लाल.

"माझ्या तोंडून ह्यांच्यासाठी निघून गेलं हो," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्षं झाली, तरी."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "एका हाकेला तीन नवरे! वहिनी, नशीब काढलंत!"

सगळ्यात आधी वहिनीच हसल्या. मग आजोबा हसले, त्यांना ठसका लागला, आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारता मारता नर्सबाईही हसायला लागल्या. ज्या बाईची बँकेत सही अडत होती, ती पदरानं डोळे पुसत होती, हसून की रडून ते तिचं तिलाच ठाऊक. हसू ओसरलं आणि त्या ओसरत्या हसण्यातच मिस्त्री बोलून गेले, "मला घरीसुद्धा ऐकू येते."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"हाक. भांडी घासताना. रोज. आणि मी ओ देतो. उठून जातोसुद्धा." त्यांनी ट्रे घट्ट धरला होता. "डोकं फिरलंय माझं, दुसरं काय."

"रोज येते?" कोपऱ्यातले आजोबा पहिल्यांदाच आपणहून बोलले. "भाग्यवान आहात. मला तर आठवड्यातून एकदा."

"मला आवाज येत नाही," वहिनी म्हणाल्या, "वास येतो. ह्यांच्या तंबाखूचा. जिवंतपणी मी नाक मुरडायचे, आता वास आला की इस्त्री थांबवते."

"मी नुसती ओ नाही देत," हेडमास्तर म्हणाले. "वाद घालतो. आणि अजूनही हरतो."

नर्सबाईंनी मिस्त्रींच्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला. "मिस्त्री, इतकी वर्षं कान त्या हाकेला लागलेले. ते इतक्यात कसे विसरतील? पुष्कळांना असं होतं, ह्याला वेड म्हणत नाहीत. झोप येते ना? जेवता ना? हाक सोडून आणखी काही भलतंसलतं ऐकू आलं, त्रास व्हायला लागला, तर मला सांगा, आपण डॉक्टरांकडे जाऊ. पण नुसती ओ दिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

त्या दिवशी मिस्त्रींनी दोन कप चहा घेतला. देव कशातून आपलं काम करून घेईल याचा नेम नाही. त्या दिवशी त्यानं घसरणारा ट्रे निवडला.

रविवारी मुलगी आली ती पाय धुवायच्या आधीच म्हणाली, "मग, काय ठरलं बाबा?"

"बस आधी. तुला एक सांगायचंय." आणि मिस्त्रींनी सांगितलं. हाकेचं, ओ देण्याचं, बैठकीचं. इतकी सलग वाक्यं त्यांच्या तोंडून मुलीनं जन्मात ऐकली नव्हती. ते थांबले आणि आता ही सामान बांधा म्हणते की काय, याची वाट बघू लागले.

मुलीनं टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सरळ केल्या. "परवा मी फोन केला आणि मधेच कट झाला, आठवतं?"

"हो. लाइन गेली."

"लाइन नव्हती गेली. मी 'आईला द्या' म्हणणार होते. अर्धं तोंडातून निघालंसुद्धा होतं. म्हणून ठेवला."

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती लहान होती तेव्हासुद्धा हे काम बाईंकडेच असायचं, त्यामुळे हात जरा जडच पडला.

"दुकान नाही द्यायचं," ते म्हणाले.

"बरं, नाही द्यायचं. पण गिऱ्हाइकाशी बोलणार कोण? 'हं' म्हटल्यावर माणूस पळून जाईल." मुलीनं उठून शटर वर केलं आणि ती काउंटरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "समजा मी गिऱ्हाईक. मिक्सर बिघडलाय हो."

"हं."

"बाबा!"

"म्हणजे... आवाज कसा करतो?"

"मला काय माहीत? बिघडलाय एवढं कळतं."

"घुर्र करतो, की खर्र?" आणि त्यांनी दोन्ही आवाज काढून दाखवले. घुर्र बरा जमला. खर्र ऐकून बाहेरून जाणारी बाई दचकून थांबली.

मुलगी पोट धरून हसली. "आईसारखं नाही जमत. पण चालेल. फॅब्रिकेशनवाल्याला फोन करून नाही सांगते. आणि तुम्ही गुरुवार चुकवायचा नाही, ही माझी अट."

"नाही चुकवत. त्या बालवाडीतल्या खुर्च्यांचे स्क्रूही आवळायचेत. एक माझ्यामुळेच ढिली झालीय."

संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून ते परत आले. शटर अर्धं वर करून त्यांनी कप्पे उघडून पाहिले, तर मिक्सरला लागणारं काहीच शिल्लक नव्हतं. म्हणून सोमवारी सकाळी लॉन्ड्रीवाल्या वहिनींना "आलोच तासाभरात, कुणी आलं तर आवाज कसा करतो ते विचारून ठेवा" असं सांगून मिस्त्री पिशवी घेऊन बाजारात निघाले, कपलर आणि कार्बन ब्रश आणायला.