त्या कोंबड्या मी खाल्ल्या

डॉक्टरबाईंच्या घरी पाहुण्यांना ताटं सगळ्यात शेवटी मिळायची. जिने स्वयंपाक केला ती आधी जेवायची आणि बाकीच्यांनी टेबलाभोवती हाताची घडी घालून बघत बसायचं. मँचेस्टरमधल्या आम्हा मराठी मंडळींत हा प्रकार प्रसिद्ध होता. माझी आई पुण्याहून आली तेव्हा मी तिला मुद्दामच काही सांगितलं नाही. आईने हौसेने त्यांच्या स्वयंपाकघरात भरली वांगी केली आणि सवयीप्रमाणे वाढायला उभी राहिली. बाईंनी तिच्या हातातला डाव काढून घेतला.

"बसा तुम्ही. गरम आहे तोवर खा."

"अहो, पण पाहुण्यांच्या आधी?"

"पाहुणे मरत नाहीत."

सात माणसं टक लावून बघत असताना आई लाजत लाजत जेवली. परतताना ट्राममध्ये म्हणाली, "विक्षिप्तच आहेत गं तुझ्या बाई." दोन स्टॉप गेल्यावर पुन्हा म्हणाली, "पण माझी भरली वांगी गरम इतकी छान लागतात, हे मला माहीतच नव्हतं."

बाई मूळच्या यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या. इथल्या सरकारी हॉस्पिटलात पंचवीस वर्षं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. निवृत्तीनंतर त्या गुलाब लावतील, असं लोकांना वाटलं होतं. त्या आल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या प्रकल्पात. आफ्रिकेतल्या मलावीच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची तान्ही मुलं काय काय खातात, हे आम्ही मोजत होतो. गावोगाव फिरायचं काम बाईंचं आणि कॉम्प्युटरसमोर बसून आकडे भरायचं माझं. मी नवी होते, वर्क व्हिसावर होते आणि सगळ्यांना घाबरून होते.

"कशी आहेस?" असं बाईंनी मला कधीही विचारलं नाही. त्या विचारायच्या, "काल काय खाल्लंस?" आणि उत्तर ऐकता ऐकता बोटांच्या पेरांवर मोजायच्या. धान्य, डाळ, पालेभाजी, फळ, दूध, अंडं, मांस. एकदा मी खरं तेच सांगितलं, टोस्ट आणि चहा. "काहून गं? इतकी शिकली आणि पेर एकच?" असं म्हणून त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. त्यात मेथी होती. मला मेथी आवडत नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

प्रकल्पातल्या गावांमध्ये आयांना शेंगदाणे आणि सोयाबीनचं पीठ फुकट मिळत असे. त्यांच्या खाण्यात आता विविधता आली आहे का, हे आम्हाला बघायचं होतं. प्रत्येकीला विचारायचं, काल काय खाल्लं? मग पदार्थाच्या प्रत्येक प्रकारापुढे एक खूण करायची, चमचाभर खाल्लं असलं तरी. पहिल्या फेरीचे कागद आले आणि आम्ही थक्क झालो. मांसापुढे खुणा, अंड्यापुढे खुणा! प्रकल्पाचे प्रमुख प्रोफेसर खूश झाले. लोक चांगलं खायला लागले आहेत, आता पीठ बंद करायला हरकत नाही, असा अहवाल त्यांनी लिहायला घेतला. त्याचा आलेख मी काढला होता आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता.

बाईंनी तो आलेख बराच वेळ पाहिला.

"मुलांची वजनं आपण कधी घेतली?"

"गावात पोचलात त्या दिवशी. सोमवारी."

"आणि प्रश्न कधी विचारले?"

"मंगळवारी."

"म्हणजे काल म्हणजे सोमवार. सोमवारी त्या गावात कोण आलं होतं?"

मी कागदांवरच्या तारखा चाळू लागले.

"आपण आलो होतो गं, आपण! पाहुणे!" त्या खुर्चीतून उठल्याच. "आमच्या गावात तलाठी आला की आमच्या घरची कोंबडी जायची. तुकडे तलाठ्याला, मग बाबांना, मग भावांना. भांड्याच्या तळाशी रस्सा राहिला तर तो माझ्या आईच्या भाकरीला. दुसऱ्या दिवशी तिला कुणी विचारलं असतं, तर तीही तुझ्या आलेखात चढली असती."

मीटिंगच्या आधी त्यांनी मला बजावलं, "तू गप्प बस. तुला व्हिसा आहे, मला पेन्शन आहे." मग भरल्या खोलीत त्या उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या सगळ्यात उंच खांबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या कोंबड्या मी खाल्ल्या. त्या बायकांनी नाही. माझ्या पोटात गेलेल्या कोंबड्यांवर तुम्ही त्यांचं पीठ बंद करता आहात." कुणीतरी हसलं. प्रोफेसर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमच्या मताची नोंद घेतली आहे." इंग्लंडमध्ये नोंद घेतली की विषय संपतो.

मी खरोखरच गप्प बसले. अहवालावर माझी सही आहे. त्याची लाज मला आजही वाटते.

बाईंनी सही केली नाही, आणि त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्यांना काय त्याचं! पैसे देणाऱ्या संस्थेला त्या दर सोमवारी एक पत्र पाठवायला लागल्या. दर वेळी आभाराचं दोन ओळींचं उत्तर यायचं. बाई ते फ्रिजवर चिकटवायच्या आणि पुढचं पत्र लिहायला बसायच्या. फ्रिज दिसेनासा झाला तेव्हा कुठे संस्था नमली. पुन्हा मोजणी करा, न कळवता जा, असं ठरलं. पण तोवर बाई हॉस्पिटलात होत्या आणि तिथून परत येणार नव्हत्या. जायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर या वेळी मी हात वर केला.

"ज्या घरी जाशील तिथली बाई कोंबडीमागे धावायला लागेल," बाईंनी खाटेवरून मला शिकवलं. "नाही म्हणू नकोस, तिचा अपमान होतो. आधी प्रश्न विचार, मग जेव."

तसंच झालं. एस्नात नावाची बाई पाठीला मूल बांधून अंगणात विकायच्या शेंगा फोडत होती. मला पाहताच ती उठली आणि कोंबडीच्या मागे लागली. दुभाष्याने तिला कसंबसं थांबवलं, मी विचारलं. काल काय खाल्लं? मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा आणि भोपळ्याची पानं. आणखी काही? तिने नाही म्हणून मान हलवली; त्या महिन्याचं पीठ संपलं होतं. माझी दोन पेरं भरली. नंतर इतर घरांतूनही अशीच उत्तरं आली, आणि त्या गावांतलं पीठ बंद झालं नाही. पण ते ठरलं तेव्हा बाई नव्हत्या.

त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एस्नातकडे जेवले त्या दिवशी, तालुक्याच्या गावातून केलेल्या फोनवर.

"किती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोन."

"हं. आणि तू काय खाल्लंस?"

"कोंबडी."

"तंगडी तिच्या ताटात टाकलीस की नाही?"

"टाकली हो. पण तिने ती परत माझ्या ताटात टाकली."

"टाकणारच," बाई म्हणाल्या. "आपण पुन्हा वाढायची."